रेमिंग्टन कोर-लॉक्ट, .३०८: हरणाला भरपूर, डुकराला जपून

कोर-लॉक्ट ही रेमिंग्टन कंपनीची शिकारीची गोळी (इथे .३०८ या रायफल-काडतुसातली) १९३९ पासून बाजारात आहे आणि अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला आजही तीच पुष्कळांच्या रायफलीत असते. शिशाचा गाभा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, टोकाला उघडं शिसं. सावजाला लागली की टोक दबतं, आवरण मागे सोलत जातं आणि गोळी अळंबीसारखी फुलते. गाभा सुटू नये म्हणून आवरण मधल्या भागात जाड ठेवलंय.

खोकं उचलण्याआधी लेबल वाचा. १८० ग्रेनमध्ये (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) दोन आकार येतात: टोकदार ‘पीएसपी’ आणि बोथट ‘एसपी’. नळीतून दोन्ही २६२० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटतात, पण ३०० यार्डांवर टोकदार गोळीचा वेग १९७४ उरतो, बोथटचा १६६६. अशी गोळी नीट फुलायला साधारण १८०० तरी लागतो. म्हणजे अडीचशे यार्डांपलीकडे बोथट गोळी बारीक भोक पाडून निघून जाण्याची शक्यता जास्त. दाट झाडीत ती चालेल, मोकळ्या रानात घेऊ नका.

हरणासाठी १५० ग्रेन पुरे. २८२० ने सुटते, ३०० यार्डांवर २००९ उरतो. २०० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे तिथे गोळी नेमकी नेमावर लागेल असं जुळवलं, तर १०० ला सुमारे दोन इंच वर आणि ३०० ला नऊएक इंच खाली लागते. फऱ्याच्या लगेच मागे, बरगड्यांतून दोन्ही फुप्फुसांत गेली की हरीण लांब जात नाही. याहून महागडी गोळी हरणाला कशाला हवी, कळत नाही.

डुकराचं गणित वेगळं. मोठ्या नराच्या फऱ्यावर कुर्च्यासारखी चिवट ढाल असते, इंचभर किंवा त्याहून जाड. शिवाय त्याचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणाच्या सवयीने फऱ्यामागे मारलं तर गोळी पोटात जाते. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या भागात धरा. गोळी पलीकडून बाहेर पडली नाही तर चरबी आणि केस जखम बुजवतात, रक्ताचा माग मिळत नाही. म्हणून डुकराला १८० ग्रेन टोकदार, आणि तिरकं उभं असेल तर थांबलेलं बरं.

जुनी तक्रार खरी आहे: आवरण आणि गाभा वेगळे होतात. पण ते होतं कुठे? .३०० विन मॅगसारख्या जोरदार काडतुसात हलकी गोळी घालून पन्नास यार्डांवर थेट खांद्याच्या हाडावर मारली तर. तिथे बाँडेड, म्हणजे गाभा आवरणाला घट्ट जोडलेली गोळीच घ्या. .३०८ च्या वेगात हा त्रास कमी.

किरकोळ दोष म्हणजे मॅगझिनमध्ये धक्क्यांनी शिशाचं टोक चपटं होतं. शिकारीच्या अंतरावर नेमात फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेत एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर आधी राज्याचं शिकारीचं लायसन्स काढा. टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर रानडुकरासाठी २०१९ पासून ते लागत नसलं, तरी संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. वैध शिकार लायसन्स हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. इतरत्र मांस साफ करताना जखमेभोवतालचा भाग सढळ हाताने कापून टाका. धुतल्याने शिशाचे कण दुसरीकडे पसरतात.