लिब्रे ऑफिस : एका लहान कार्यालयाचा अभिप्राय

गृहनिर्माण संस्थांचे दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या लहानशा कार्यालयात पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि सभांच्या नोटिसा ही सर्व कामे लिब्रे ऑफिसवर चालतात. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनाशुल्क असून कितीही संगणकांवर बसवता येते, त्यामुळे नवा कारकून आला तरी परवान्याचा खर्च वाढत नाही.

माझ्या मते, पैशांच्या बचतीपेक्षा मोठा फायदा दप्तराच्या सुरक्षिततेचा आहे. ओडीएफ या त्याच्या फाइल-स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि त्याचा तपशील सर्वांना खुला आहे. म्हणूनच सभासद नोंदवही, इतिवृत्ते यांसारखी वर्षानुवर्षे जपावी लागणारी कागदपत्रे उघडण्यासाठी कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर विसंबावे लागत नाही. लिब्रे ऑफिस ज्यातून निघाले त्या ओपनऑफिसची मालकी ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर त्यातील अनेक विकासकांनी २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापन करून लिब्रे ऑफिस पुढे नेले, आणि हे शक्य झाले ते मूळ कोड (सॉफ्टवेअर ज्या आज्ञांनी बनते तो मजकूर) खुला होता म्हणूनच. धंद्याची कागदपत्रे ज्यावर अवलंबून आहेत, त्या साधनाबाबत ही शाश्वती मला फार मोलाची वाटते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असल्याने ऑगस्टअखेर नोटिसांची एकच घाई उडते. त्या वेळी कॅल्क या त्यातील तक्त्यांच्या भागातली सभासदांची यादी रायटर या पत्रलेखनाच्या भागातील मेल मर्जला (एकाच मसुद्यात प्रत्येकाचा तपशील भरणाऱ्या सोयीला) जोडली, की प्रत्येकाचे नाव, सदनिका क्रमांक आणि थकबाकी आपापल्या जागी बसते. पीडीएफ काढताना तिच्यातच मूळ ओडीएफ फाइल समाविष्ट करण्याची सोय आहे. पुढच्या वर्षी तीच नोटीस दुरुस्त करून वापरताना ती विशेष उपयोगी पडते.

उणिवाही आहेत. परिच्छेदाची शैली ठरवताना इंग्रजी आणि देवनागरी मजकुरासाठी फॉन्ट व त्याचा आकार वेगवेगळा निवडावा लागतो, आणि हे ठाऊक नसल्यास एकाच ओळीतील अक्षरे लहानमोठी दिसतात. बाहेरून आलेल्या वर्ड फाइलमधील गुंतागुंतीचे तक्ते कधी कधी विस्कटतात. एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञावल्या, सर्वच्या सर्व चालत नाहीत. ज्यांचा हिशेब त्यांवरच बेतलेला आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या फाइली आधी येथे तपासून पाहाव्यात आणि अडचण आल्यास एका संगणकावर जुनी व्यवस्था तशीच ठेवावी.