गावची आयटी संघटना: जुनी उठवायची, नवी काढायची, की मोठ्यांच्या छत्रीखाली जायचं?

ऐरोली, घणसोली, महापे, वागळे इस्टेट, या पट्ट्यात नोकरीधंदा करणारे आपले सिंधुदुर्गवाले भेटले की विषय निघतोच, जिल्ह्यातल्या सॉफ्टवेअर-हार्डवेअरवाल्यांची संघटना नुसती कागदावर उरलीय, काहीतरी करूया. करूया पर्यंत सगळे एकत्र असतात, पुढे कसं म्हटलं की तीन तट पडतात. तिन्हीचं मला जे कळतं ते लिहितो, तुमचा जिल्हा गडचिरोली असला तरी कागद तेच लागणार.

आधी जुनीचं. अशा बऱ्याच संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निघालेल्या असतात आणि जोडीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडचा एफ नंबर, म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचा क्रमांक, असतो. पहिलं काम म्हणजे तिथून परिशिष्ट एकचा उतारा काढणं, त्यात ज्यांची नावं तीच माणसं कायद्याने कमिटी, बाकी गावात कोण स्वतःला अध्यक्ष म्हणवतो ते सोडून द्या. कमिटी बदलली की ९० दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, द्यायचा असतो आणि बंद पडलेल्या संस्थेत तो शेवटचा कधी दिला हे कोणाला आठवत नसतं, मग मधल्या सगळ्या निवडींचा हिशोब लावत बसा, उताऱ्यातला एक पुण्यात सेटल, एक वारलेला म्हणजे मृत्यूचा दाखला आणा, एक रुसलेला, आणि रुसलेल्याने हरकत घेतली की नुसत्या तारखा. बँकेचं अजून वेगळं. दोन वर्षं व्यवहार नाही झाला की खातं निष्क्रिय, दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत जातात, ते परत मागता येतात पण बँक विचारणार सही कोणाची, आणि नव्या कमिटीची सही चालायला चेंज रिपोर्ट लागणार.

एवढं असून जुनी का घ्यायची? तिच्या नावावर गाळा किंवा एमआयडीसीचा प्लॉट असेल तर विचारच करू नका, जुनीच घ्या, पडू देत तारखा. जिल्हा उद्योग केंद्रात जुन्या लेटरहेडला ओळख असते हेही खरं, पण ती ओळख पत्र देणाऱ्या माणसाची किती आणि संघटनेची किती ते तुम्हीच ठरवा. मालमत्ता नाही, ऑडिट वर्षानुवर्षं सादर केलेलं नाही, नुसता एफ नंबर आणि वाळवी लागलेलं मिनिट्स बुक आहे, तर माझ्या मते सोडा.

आता नवीचं. सेक्शन ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी, मात्र झटपट होते. संस्थेला सात माणसं लागतात, इथे दोन पुरतात, किमान भांडवलाची अट नाही, सगळं ऑनलाइन, नौपाड्यातल्या सीएकडे बसून होऊन जातं म्हणून आपल्या लोकांना हीच आवडते. पुढचं कोणी सांगत नाही. ऑडिट सक्तीचं, सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, तिच्यापासून ३० दिवसांत एओसी-४ (हिशोबाचा फॉर्म) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ (वार्षिक विवरणाचा). उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले की ७३,००० रुपये, पंधरा-वीस सभासदांच्या वर्गणीतून हे कुठून काढणार? आणि सलग तीन वर्षं भरलं नाही तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र, महापेला तुमची स्वतःची कंपनी असेल तर तिथलं डायरेक्टरपदही जातं. (त्यात सभेची शेवटची तारीख गणपतीच्या आसपास, तेव्हा कोकणात कोरम फक्त आरतीला होतो. सभा मे महिन्यात नाहीतर जूनमध्ये उरकून टाका.)

तिसरा पर्याय, मोठ्यांच्या छत्रीचा, थोडक्यात. नॅसकॉम ही देशातल्या आयटी कंपन्यांची संघटना १९८८ पासून आहे, महाराष्ट्र चेंबर ही राज्यातल्या व्यापार-उद्योगाची १९२७ पासून, चेंबरसारख्या संस्था स्थानिक संघटनांना सभासद करून घेतात आणि मंत्रालयात शब्द टाकायला त्यांचा उपयोग होतो. पण कणकवलीच्या चार माणसांच्या ऑफिसची फायबर पावसात तुटली तर ते येणार नाहीत. शिवाय त्यांचं सभासद व्हायला आधी तुमची संघटना जिवंत हवी, म्हणजे हा वेगळा पर्याय नाहीच, नंतरची पायरी आहे.

आपण इथे टीबीआयए, टिसा या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि ठाण्यातल्या कारखानदारांच्या संघटना बघितलेल्या असतात म्हणून तसंच तिकडे होईल असं वाटतं. वागळे किंवा टीटीसीत (ठाणे-बेलापूरची एमआयडीसी) कारखान्याला कारखाना लागून, रस्ता, पाणी, कर, भांडायला रोज काहीतरी असतं आणि सभासद आपणहून येतो. तिकडे एक कुडाळ एमआयडीसीत, दोन सावंतवाडीत, एक मालवणात घरून काम करणारा, यांना एकत्र यायला कारण लागतं आणि ते कारण बहुतेक वेळा पैसे असतात. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, नाही दिले तर त्याच कायद्याखालच्या, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या कौन्सिलकडे दाद मागता येते. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) करून देणं, ती तक्रार भरून देणं, एवढं एक काम संघटनेने नीट केलं तरी वर्गणी मागावी लागणार नाही. थकवणारे बरेचदा मुंबई-ठाण्याकडचेच असतात, तेवढं मनावर घ्या.

म्हणून मी तरी असं करेन: गाळा-प्लॉट असेल तर जुनी, नसेल तर नवी पण कंपनी नाही, सात माणसांची साधी संस्था, आणि सातातले निदान पाच तिथे राहणारे. ठाण्यातून वर्षात दोनदा कोकणकन्याने जाणाऱ्याने सेक्रेटरी होऊ नये, धर्मादायची तारीख बुधवारी लागते आणि हा रविवारी पोचतो. तरी कोणाला इथून अध्यक्ष व्हायचंच असेल तर त्याच्याकडे आधी एक वर्क ऑर्डर मागा, गावच्या एखाद्या सभासदाच्या नावाची, अॅडव्हान्ससकट.