नाकाचं ऑपरेशन, दहा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरला जाऊन नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. आता दहा महिने झाले. अंबाजोगाईत चार-पाच जणींनी बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, करावं का हो? दुखतं का लई?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

अकरावीत असताना लुनावरून पडले होते. सूज उतरली तशी सगळ्यांनी "झालं बरं" म्हटलं, पण आतला पडदा डावीकडे वाकला आणि वरचं हाड उंचवटा धरून जुळलं. अठरा वर्षं एकाच नाकपुडीनं श्वास. म्हणजे श्वासासाठीही करायचं होतं आणि दिसण्यासाठीही. दुसरं कारण सांगायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही. या दोन्हींच्या एकत्र ऑपरेशनला सेप्टोराइनोप्लास्टी म्हणतात.

पहिल्यांदा ज्या क्लिनिकला गेले तिथं डॉक्टर भेटलेच नाहीत. एका ताईनं कॉम्प्युटरवर माझाच फोटो घेऊन नवं नाक लावून दाखवलं आणि म्हणाली, आज पाच हजार भरले तर दिवाळी ऑफर. साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं, उठून आले. नंतर ज्यांच्याकडे केलं ते प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (एमबीबीएसनंतरची वरची सर्जरीची पदवी) झालेले. त्याच विषयातली डीएनबी पदवी असलेले किंवा अनुभवी कान-नाक-घसा सर्जनही हे ऑपरेशन करतात. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असेल तर मात्र पुढं विचारा, पदवी कोणती? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते, त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि जुन्या पेशंटचे फोटो बघायचे तर वर्षानंतरचे मागा. महिन्याभराच्या फोटोत दिसते ती सूज. आमच्या डॉक्टरांनीही कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं, पण सोबत म्हणाले, "हे चित्र आहे, करारपत्र नाही."

आता माझी चूक. फॉर्मवर 'धूम्रपान' असा रकाना होता, मी 'नाही' लिहून मोकळी झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासताना सरळ विचारलं, "मिसरी लावता का?" मी गप्प. सासूबाईंसोबत सकाळी चिमूटभर लावायची सवय लागलेली, पोरांना शिकवणाऱ्या मास्तरीणबाईनं हे कबूल करायचं कसं! त्यांनी समजावलं की निकोटिन कुठूनही आलं तरी रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, क्वचित टोकाची कातडी काळीही पडते. आधी महिनाभर आणि नंतरही महिनाभर बंद, असं ठरलं आणि माझी तारीख तेवढी पुढं गेली. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून चालू असलेलं सगळं, काढ्यासकट, सांगायचं. पण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

ऑपरेशन अडीच तासांचं, पूर्ण भूल. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर छोटा छेद, तिथून कातडी उचलून आत काम. हाड दोन्ही बाजूंनी कापून सरळ बसवलं, पडद्यातली थोडी कूर्चा (मऊ, लवचीक हाड) काढून टोकाला आधार दिला. दुखणं खरंच फार नव्हतं. त्रास झाला तो नाक आतून गच्च असण्याचा. दोन रात्री तोंडानं श्वास, घशाला कोरड, पाठीमागं तीन उशा.

चौथ्या दिवशी एसटीनं परत निघालो. नाकावर पट्टी, दोन्ही डोळे काळेनिळे. बीडच्या स्टँडवर एका मावशीनं मला बघितलं, मग ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी घर येईपर्यंत मान वर केली नाही. आठव्या दिवशी पट्टी काढायला पुन्हा तोच पाच-सहा तासांचा प्रवास. लांबून जाणाऱ्यांनी या फेऱ्या आधीच हिशोबात धरा.

पट्टी निघाल्यावर आरसा बघून मी रडले. नाक रुंद, टोक वर गेलेलं, कुणा भलतीचंच. हे होणार हे कुणीतरी ठासून सांगायला हवं होतं. बरीच सूज पहिल्या दीड-दोन महिन्यांत उतरते, टोकाची मात्र वर्षभर रेंगाळते. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. आठव्या दिवसाच्या नाकावरून कुणी निकाल लावू नये.

ज्या गोष्टी विचारायच्या मला सुचल्याच नाहीत, त्यांनी नाकी नऊ आणले. पहिला चष्मा. सहा आठवडे नाकावर ठेवायचा नाही, आणि मला त्याशिवाय फळा दिसत नाही. शेवटी फ्रेमला चिकटपट्टी लावून ती कपाळाला चिकटवली. वर्गात पोरं महिनाभर हसत होती. दुसरी फोडणी. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, आणि आमच्या घरात लाल मिरचीच्या फोडणीशिवाय वरण होत नाही. पंधरा दिवस स्वयंपाक ह्यांच्याकडे. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर होते, टोकाला तर चार महिने आपला हात लागला तरी परक्याचा वाटायचा. दोन्ही आपोआप गेलं.

तिसरी मोरणी. ऑपरेशनआधी काढावी लागली, पुढचे काही महिने घालायची नाही, भोक बुजत आलं. सासूबाईंना माझ्या श्वासापेक्षा रिकाम्या नाकाची काळजी. महालक्ष्म्यांना नथ हवीच म्हणून हट्ट झाला, मग चापाची नथ आणली. जड निघाली. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण मला या वर्षी शब्दशः कळली.

खर्च 1,24,000 रुपये, प्रवास वेगळा. विमा निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मिळत नाही. पडद्याचा भाग वैद्यकीय गरजेचा म्हणून 38,000 मिळाले, तेही आधी लेखी मंजुरी घेतली म्हणून. कॉस्मेटिक भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, कोटेशनमध्ये तो धरलाय का ते विचारा. माझ्यात धरला नव्हता.

मे महिना काढणं अवघड गेलं. आमच्याकडचं ऊन 42 अंशांचं. छेदाचा व्रण काळा पडू नये म्हणून सनस्क्रीन आणि स्कार्फ, तरी टोक लाल व्हायचं.

या काळात भावानं एक जुनी हकीकत सांगितली. कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. वर्षाहून जास्त तो नाकाशिवाय राहिला, मग पुण्याजवळच्या वीट करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. 1794 मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं आणि तिकडच्या डॉक्टरांनी ते शिकून घेतलं. भूल नसताना! मी मग चष्म्याची कुरकुर जरा कमी केली.

आज दोन्ही नाकपुड्या चालतात, तोंड मिटून झोपते. उंचवटा गेला. पण खालून बघितलं तर डावी नाकपुडी जराशी लहान दिसते. डॉक्टर म्हणाले, वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, उरलं तर तेव्हा बोलू. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. ह्यांना ते दिसतच नाही म्हणे, सासूबाईंना दिसतं.