खिशासाठी छोटं हत्यार: रिव्हॉल्वर, .३८० की नाइन एमएम?

खिशात हत्यार बाळगायचं ठरवलं की माणूस आधी विचारतो, "हे मावेल का?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ते निघेल का? रिकामा हात खिशात घाला, आत घट्ट मूठ वळा आणि तशीच बाहेर काढा. बहुतेक पँटच्या खिशांच्या तोंडाशी मूठ अडते. आता त्या मुठीत लोखंड आहे आणि समोर जिवावर उठलेला माणूस आहे, अशी कल्पना करा. खिशासाठीच्या हत्याराची निवड मी या अडण्यापासून सुरू करतो. गोळीचा व्यास, मॅगझिनची क्षमता, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

परवाना, तुम्ही राहता तिथला कायदा आणि हत्यार हाताळायचं मूलभूत शिक्षण या तिन्ही गोष्टी झालेल्या आहेत असं धरून पुढचं लिहितो आहे. त्या झाल्या नसतील तर ही तुलना आत्ता बाजूला ठेवा.

खिशाच्या आकाराची हत्यारं बरीच आहेत, पण खरी निवड चार प्रकारांत होते. प्रत्येकातला एकेक नमुना घेतो. .३८, .३८०, .३२ आणि ९ मिमी (नाइन एमएम) ही काडतुसांची नावं. ६४२ हे रिव्हॉल्वर, त्याच्या गोळ्या फिरत्या सिलिंडरमध्ये असतात; बाकी तिन्ही पिस्तुलं, त्यांच्या गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये. १०+१ म्हणजे मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक. आकडे अंदाजे आहेत आणि वजन गोळ्या न भरता.

| नमुना | काडतूस | गोळ्या | वजन | लांबी | जाडी |
|---|---|---|---|---|---|
| स्मिथ अँड वेसन ६४२ | .३८ स्पेशल | ५ | ४१० ग्रॅम | १६ सेंमी | ३.३ सेंमी |
| रुगर एलसीपी मॅक्स | .३८० एसीपी | १०+१ | ३०० ग्रॅम | १३ सेंमी | २.१ सेंमी |
| सिग सॉअर पी३६५ | ९ मिमी | १०+१ | ५०५ ग्रॅम | १४.७ सेंमी | २.७ सेंमी |
| केल-टेक पी-३२ | .३२ एसीपी | ७+१ | १९० ग्रॅम | १३ सेंमी | १.९ सेंमी |

वजनाच्या रकान्याला फसू नका. खिशात जातं ते भरलेलं हत्यार. अकरा गोळ्या भरल्यावर पी३६५ सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास जातं, एलसीपी मॅक्स चारशेच्या आणि पाच गोळ्यांचं ६४२ पावणेपाचशेच्या. सव्वासहाशे ग्रॅम कमरेच्या पट्ट्यावर काहीच वाटत नाहीत. सैल कापडाच्या खिशात मात्र ते चालताना मांडीवर आपटत राहतात आणि पँट एका बाजूला ओढली जाते. मी पहिलं हत्यार घेतलं ते छोटं नाइन एमएमच होतं. महिनाभर खिशात वागवलं, मग "आज जवळच तर जायचंय" म्हणत ते घरी कुलपात राहू लागलं. दोष हत्याराचा नव्हता. ते कमरेवरचं हत्यार होतं आणि मी ते खिशात कोंबत होतो.

म्हणून पी३६५ बद्दल थोडक्यात. २०१८ साली ते आलं आणि इतक्या लहान अंगात दहा गोळ्यांचं मॅगझिन बसवून त्याने छोट्या पिस्तुलांचं गणितच बदललं. नेम धरायला ते या चौघांत सर्वांत सोपं आहे, धक्का सोसवतो, सरावाला कंटाळा येत नाही. खोल, रुंद तोंडाचे खिसे असलेली कार्गो पँट किंवा जाड जॅकेट रोज घालत असाल तर ते खिशात चालेल. इतरांनी ते पट्ट्याच्या आत, कमरेला लावावं. तिथे ते फार चांगलं हत्यार आहे.

आता रिव्हॉल्वर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक ते चुकीच्या कारणासाठी घेतात किंवा चुकीच्या कारणासाठी सोडून देतात.

६४२ मध्ये मागचा घोडा, म्हणजे हॅमर, पूर्ण शरीराच्या आत झाकलेला असतो. ही घडण १९५२ सालापासूनची आहे. पाठ गुळगुळीत आणि गोलाकार असल्याने खिशाच्या शिवणीत अडकायला काही राहत नाही. पिस्तुलाची पाठ चौकोनी असते आणि तिचा वरचा कोपरा नेमका खिशाच्या काठाला भिडतो. शिवाय रिव्हॉल्वर उपसताना अंगठा मुठीभोवती न वळवता त्या गोल पाठीवर टेकवता येतो. त्यामुळे हाताची जाडी कमी होते आणि हात सरळ बाहेर येतो. जाडी ३.३ सेंमी ऐकून लोक मागे सरतात, पण ती फक्त सिलिंडरच्या जागी आहे. पुढे नळी बारीक, मागे मूठ बारीक. खिशावर त्याचा आकार उमटतो तो गोलसर असतो, चावीच्या जुडग्यासारखा. पिस्तुलाचा चौकोन मात्र, होल्स्टर (हत्यार ठेवायचं म्यान) नसेल तर, बघणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

दुसरा गुण अंगाला अंग भिडल्यावर कळतो. पिस्तुलाचं तोंड हल्लेखोराच्या अंगावर दाबलं गेलं तर स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) किंचित मागे सरकते आणि गोळी सुटतच नाही. कापड मध्ये आलं तर स्लाइड अडून पुढचं काडतूस चढत नाही. झाकल्या घोड्याचं रिव्हॉल्वर या दोन्हींतून सुटतं. गरज पडली तर कोटाच्या खिशातूनही ते पाचही गोळ्या झाडू शकतं. खिशातलं हत्यार बाहेर येतं तेव्हा अंतर बहुधा हातभराचंच असतं, म्हणून हा मुद्दा मला बारीकसारीक वाटत नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं.

आता दुसरी बाजू. चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमधून .३८ ची पूर्ण ताकदीची गोळी झाडली की तळव्याला दगडावर हात आपटल्यासारखं होतं. चाप ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागतो, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या तेरापट. तो ओढताना माशी (नेम धरायची खूण) नेमावरून हलू न देणं हे कौशल्य आहे आणि ते सरावाशिवाय येत नाही. "रिव्हॉल्वर सोपं, नवशिक्याला द्या" हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. ते चालवायला सोपं आहे, नेमाने मारायला अवघड. रुगरचं एलसीआर रिव्हॉल्वर, २००९ सालचं, इथे थोडं दयाळू आहे: चापाची ओढ हलकी आणि एकसारखी लागते, आणि रबरी मूठ धक्का बराच पिते. दुकानात दोन्हींचा चाप रिकामा ओढून बघा, पण विचारून आणि हत्यार रिकामं असल्याची स्वतः खात्री करून.

धक्क्यावर एक जुना उपाय आहे: १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सपाट तोंडाची वॅडकटर गोळी. ती मूळची निशाणेबाजीची, धक्क्याला मऊ. पोकळ टोकाच्या गोळ्या पावणेदोन-दोन इंची नळीतून निघाल्यावर अनेकदा फुलतच नाहीत, म्हणजे अंगात शिरून रुंद होत नाहीत, मग त्यांचा जादा धक्का का सोसायचा, असा हा विचार आहे आणि तो मला पटतो. अडचण पुन्हा भरताना येते. सपाट तोंडाचं काडतूस सिलिंडरच्या भोकाच्या काठाला ठेचकाळतं. अतिशय हलक्या, तीनशे ग्रॅमच्या आसपासच्या रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक दुखणं असतं: धक्क्याने शिल्लक काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. इतक्या हलक्याच्या मोहात पडू नये.

आणि रिव्हॉल्वर बिघडत नाही, हेही खरं नाही. क्वचित बिघडतं, पण बिघडलं की हातात दुरुस्त होत नाही.

.३८० चं पिस्तूल हे माझ्या मते बहुतेक लोकांचं खरं उत्तर आहे आणि तरीही त्याबद्दल सर्वांत जास्त खोटी आश्वासनं दिली जातात.

काडतूस १९०८ सालचं, अमेरिकी शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगचं. छोटं, पण ताकद बेताची. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्या नव्याने बांधल्या आणि मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२, जास्तीत जास्त १८ इंच शिरकाव हा निकष रूढ झाला. पावणेतीन इंची नळीतून .३८० ची पोकळ टोकाची गोळी झाडली तर दोनपैकी एक होतं: ती फुलते आणि बारा इंचांच्या आधी थांबते, किंवा फुलत नाही आणि साध्या गोळीसारखी खोल जाते. दोन्ही जमणाऱ्या गोळ्या थोड्या आहेत. मी शिरकावाच्या बाजूने कौल देतो, कारण उथळ जखमेने माणूस थांबेल याचा भरवसा नसतो.

२००८ सालची मूळ एलसीपी २७० ग्रॅमच्या आतली, सहा अधिक एक गोळ्यांची होती. त्याच वर्षी रुगरने सुरुवातीच्या काही एलसीपी परत मागवून दुरुस्त करून दिल्या, कारण पडल्यावर गोळी सुटण्याचा धोका होता. जुनी वापरलेली घेत असाल तर ती दुरुस्त झाली आहे का हे क्रमांकावरून कंपनीला विचाराच. खिशातली वस्तू कधी ना कधी पडतेच. २०२१ ची एलसीपी मॅक्स जेमतेम तीसेक ग्रॅमने जड, पण दहा अधिक एक गोळ्यांची, आणि तिच्यावर खरोखर दिसणाऱ्या माश्या आहेत. मूळ एलसीपीत माशी म्हणजे स्लाइडवरचा एक फुगवटा होता. स्मिथ अँड वेसनचं २०२४ सालचं बॉडीगार्ड २.० हेही याच वजनाचं आणि याच क्षमतेचं. या दोहोंत मी हातात मूठ कशी बसते एवढंच बघेन.

वॉल्थर पीपीके इथे आठवणारच. १९३१ सालचं ते पिस्तूल देखणं आहे, पण त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांना कुलूपबंद होत नाहीत. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्याच जोरावर सगळा दाब अडवला जातो. त्यामुळे .३८० मध्ये ते एलसीपीहून जवळपास दुप्पट जड असूनही हाताला जास्त टोचतं आणि स्लाइड ओढायला कडक लागते. आवड म्हणून घ्या, खिशासाठी नको.

.३८० ची खरी जोखीम चापात आहे. रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड, चुकून ओढला जाणं कठीण. या पिस्तुलांचा चाप आखूड आणि हलका. खिशात नाणं, चावी, पेनाचं टोपण काहीही असलं तरी ते चापापाशी पोचू शकतं. म्हणून ज्याच्या खिशात पिस्तूल, त्याच्या त्या खिशात दुसरं काहीही नाही. रुमालसुद्धा नाही. आणि होल्स्टर हवंच, चाप आणि त्याची कडी पूर्ण झाकणारं. ते बाहेरून खरखरीत किंवा रबरी असावं, म्हणजे हत्यार निघताना ते खिशातच राहील. अंगठ्याच्या सेफ्टीचा (चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याचा) प्रकार मिळत असेल आणि ती रोज सरावात खाली ओढायची तयारी असेल तरच घ्यावा. सराव नसलेली सेफ्टी ऐनवेळी विसरली जाते.

पिस्तूल परत ठेवताना खिशातल्या होल्स्टरमध्ये आंधळेपणाने सरकवायचं नाही. होल्स्टर बाहेर काढायचं, समोर बघून त्यात पिस्तूल ठेवायचं, मग दोन्ही एकत्र खिशात. एवढी एक सवय ज्यांनी लावून घेतली नाही त्यांना मी .३८० सुचवत नाही, ६४२ सुचवतो.

.३२ चं पी-३२ भरूनही २७० ग्रॅमच्या आतच राहतं आणि धक्का इतका मऊ की दुखऱ्या हातांना ते वरदान आहे. संधिवात असलेल्यांना त्याची स्लाइडही ओढवते. पण .३२ च्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कडा असते. आखूड पोकळ टोकाची काडतुसं मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकून या कडा एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल तिथेच थिजतं. साधी, पूर्ण लांबीची गोळीच भरावी. .३८० झेपत नसेल तेव्हाच मी इथवर येईन.

चौघांना सारखीच लागू असलेली एक उणीव आहे. बसल्यावर, विशेषतः गाडीत पट्टा लावून बसल्यावर, पुढच्या खिशातून काहीच निघत नाही. ज्यांचा दिवस गाडीत जातो त्यांनी खिसा हा पर्यायच धरू नये. उलट जे दिवसभर उभे किंवा चालते असतात त्यांना खिशाचा मोठा लाभ आहे: शंका येताच हात खिशात जातो, मूठ पकडली जाते, आणि बघणाऱ्याला तो फक्त खिशात हात घालून उभा असलेला माणूस दिसतो. कमरेच्या हत्यारावर हात ठेवून कुणाला नुसतं उभं राहता येत नाही.

धूळ आणि घाम यांचा हिशेबही धरा. खिशातला कापूस नळीत, सिलिंडरमागच्या चांदणीखाली (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली), मॅगझिनच्या तोंडाशी जमतो. महिन्यातून एकदा तरी हत्यार रिकामं करून ब्रश मारायचा. घाम फार येत असेल तर ६४२ चं स्टेनलेस सिलिंडर, तिच्या काळ्या जुळ्या बहिणीच्या, ४४२ च्या, साध्या पोलादी सिलिंडरपेक्षा कमी गंजतं.

शेवटचा निकाल तुमच्याच कपड्यांत लागेल. शक्य असेल तर रिव्हॉल्वर आणि .३८० पिस्तूल दोन्ही रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) भाड्याने किंवा ओळखीच्या माणसाकडून मागून घ्या. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, हत्यार रिकामं असल्याचं दोनदा तपासून, सुरक्षित भिंतीकडे तोंड करून ते होल्स्टरसकट रोजच्या पँटच्या खिशात घाला आणि वीस वेळा सावकाश उपसा. किती वेळा अडलं ते मोजा. मग रेंजवर पाच मीटरवरून दोन्हींच्या पन्नास-पन्नास गोळ्या झाडा आणि पन्नासाव्या गोळीनंतर कोणतं हत्यार पुन्हा उचलावंसं वाटतं ते बघा. माझ्या रुंद तोंडाच्या खिशांत रिव्हॉल्वर एकदाही अडलं नाही, म्हणून मी ६४२ बाळगतो. माझ्या धाकट्या भावाच्या पँटी अरुंद, त्याच्या खिशात सिलिंडर शिरेचना. तो एलसीपी मॅक्स बाळगतो आणि दर पंधरवड्याला माझ्यासोबत रेंजवर येतो.