फॉइल कार्डांसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल: दमट महिने काढल्यानंतर

ट्रेडिंग कार्डावर (जमवायच्या-खेळायच्या छापील कार्डावर) प्लास्टिकचा थर असतो, मग दमट हवा त्याचं काय बिघडवणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण फॉइल कार्डं, म्हणजे एका बाजूला चकचकीत थर असलेली कार्डं, वाकतात ती त्या थरापायीच. आतला कागद ओल शोषून फुगतो, फॉइल मात्र आहे तेवढीच राहते. त्यामुळे कार्ड चकचकीत बाजूकडे आत वळतं. हवा कोरडी पडली की कागद आकसतो आणि बाक उलटा होतो. कापलेल्या कडा उघड्याच असतात, ओल तिथून सहज शिरते. बिनफॉइलची कार्डं त्यामानाने सरळ राहतात.

डब्याबद्दल तक्रार नाही. झाकणाला रबरी कडा आहे, ती अजून घट्ट बसते. सोबतच्या सिलिका जेलबद्दल मात्र बोलायला हवं. ते ओल खेचतं आणि खेचतच राहतं, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. छोट्या डब्यात सगळ्या पुड्या टाकल्यावर आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली आणि फॉइल कार्डं उलटी वाकायला लागली. कार्डांना ४५ ते ५० टक्के मानवतं. म्हणून आता आर्द्रता ४९ टक्क्यांवर ठेवणारी दुहेरी पुडी वापरतो. ती गरजेप्रमाणे ओल घेते आणि सोडतेही. हलकी वाकलेली कार्डं तिच्यासोबत हळूहळू सरळ झाली. ज्यांचा पृष्ठभागच नागमोडी झाला होता ती तशीच राहिली. जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचा सल्ला खूप जण देतात, पण हवा तीच राहिली तर कार्ड बाहेर काढल्यावर पुन्हा वाकतं.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आधी तपासून घ्या. ओलसर मीठ एका झाकणात घालून ते आणि हायग्रोमीटर एकाच बंद पिशवीत रात्रभर ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. माझा थोडा जास्त दाखवतो, तेवढं वजा करून वाचतो.

स्लीव्हवर, म्हणजे कार्डाच्या पातळ प्लास्टिक पिशवीवर, भिस्त ठेवू नका. वरून उघडी असते, ओल अडवत नाही. ती ओरखडे टाळते आणि गुळगुळीत कार्डं दमटपणात एकमेकांना चिकटू देत नाही, तेवढं खरं. चिकटलेली ओढून सुटी केली तर छपाई निघते. स्लीव्ह पॉलिप्रोपिलीनची घ्या, मऊ पीव्हीसीची नको.

एक मोठा डबा घेण्यापेक्षा दोन लहान बरे. रोजच्या खेळाची कार्डं वेगळी ठेवली की जपायच्या कार्डांचा डबा सारखा उघडावा लागत नाही. दुहेरी पुडी हाताला कडक लागली की बदला.