एकच विमान, तीन ठिकाणचे भाव: तिकीट शेवटी कितीला पडतं?

आई-बाबांना मावसबहिणीच्या लग्नासाठी पुण्याहून नागपूरला जायचं होतं. एका ट्रॅव्हल पोर्टलवर माणशी 4,640 रुपये दिसले. दोघांचे 9,280. वेळही सोयीची होती, म्हणून नावं, वयं, फोन नंबर भरत पुढे गेले. पैसे भरायच्या पानावर आकडा आला 11,388.

‘भाड्याचा तपशील’ या ओळीशेजारचा बारीक बाण दाबला, तेव्हा फोड दिसली. कन्व्हीनियन्स फी माणशी 450, प्रवास विमा माणशी 249, दोन सीटचे मिळून 700 आणि कुठल्याशा उपक्रमाला देणगी 10 रुपये. विम्याच्या आणि देणगीच्या चौकटीत मी खूण केलीच नव्हती, ती आधीपासून होती. सीटच्या पानावर ‘निवडा आणि पुढे जा’ हे बटण ठळक रंगात आणि ‘सीट न निवडता पुढे’ ही ओळ अगदी तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत. बाबांसारख्या माणसाला ती दिसलीच नसती. त्यांनी सीट घेणं सक्तीचंच समजून पैसे भरले असते.

विमा, सीट आणि देणगी काढून टाकली तर पोर्टलचा आकडा 10,180 वर आला; कन्व्हीनियन्स फी तेवढी राहिली. त्याच संध्याकाळी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तेच विमान पाहिलं: भाडं माणशी 4,720, त्यावर कन्व्हीनियन्स फी माणशी 300, एकूण 10,040. मग कोथरूडमधल्या आमच्या नेहमीच्या एजंटकाकांना फोन केला. ते म्हणाले, “भाडं कंपनीचंच लागेल, माझे माणशी दोनशे.” म्हणजे 9,840. पहिल्या पानावर सर्वांत स्वस्त दिसलेलं ठिकाण शेवटच्या पानावर सर्वांत महाग निघालं होतं.

हे भाव त्या एका संध्याकाळचे. उद्या क्रम उलटाही लागेल, कारण पोर्टलवर एखाद्या बँकेच्या कार्डावर सूट असते आणि ते कार्ड तुमच्या पाकिटात असेल तर तिथलंच तिकीट स्वस्त पडतं. पण तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या आकड्यांची, आणि तीही नको असलेल्या सगळ्या खुणा काढल्यावर.

कुठले पैसे टळतात, कुठले नाही

विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमीवरचा 5 टक्के जीएसटी तिन्ही ठिकाणी सारखाच लागतो. त्यावर डोकं खपवू नका. कन्व्हीनियन्स फी मात्र विकणाऱ्याची असते, सरकारची नाही. ती माणशी लागते, बऱ्याच ठिकाणी जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी, आणि तिकीट रद्द केल्यावर सहसा परत मिळत नाही. चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन असेल तर एवढ्या एका ओळीचेच दोन-तीन हजार होऊ शकतात.

आधीच खूण केलेला विमा आणि शेवटच्या पानावर फुगणारी किंमत या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवल्या आहेत. तशा एकूण 13 क्लृप्त्या त्या यादीत आहेत. न विचारता काही तिकिटात घुसवलेलं दिसलं, तर स्क्रीनशॉट काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी केली आहे, आणि विम्याचे पैसे परत आले आहेत.

सीटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच विनाकारण जातात. सीट विकत घेतली नाही तरी वेब चेक-इनच्या वेळी कंपनी आपणहून एक सीट देते. काउंटरवर बोर्डिंग पास छापून देण्याचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्येच स्पष्ट केलं. आणि 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी बसवा, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. त्यामुळे ‘मूल लांब बसेल’ या धास्तीने सीटचे पैसे भरू नका. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी तिच्यासाठी आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडेची, सीट घेतली, ती मात्र समजून-उमजून.

सामानाचं भाडं तिन्ही ठिकाणी नीट वाचावं लागतं, पण पोर्टलवर जास्तच. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारणपणे 15 किलो चेक-इन आणि 7 किलो केबिन सामान धरलेलं असतं. पण एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ‘लाइट’सारख्या भाड्यात चेक-इन बॅग धरलेलीच नसते. पोर्टल सगळी विमानं किमतीच्या क्रमाने लावतं, त्यामुळे असं भाडं सगळ्यात वर येतं आणि शेजारी बॅगेचं चिन्ह तेवढं बारीक असतं. दोन तिकिटांत चारशेचा फरक दिसला की आधी बॅग पाहायची. विमानतळावर जाऊन बॅगेचे पैसे भरणं हे आधी ऑनलाइन भरण्यापेक्षा महाग पडतं. आमच्याकडच्या लग्नाच्या सामानात चिवडा-लाडवांचे डबेच पाच किलोंचे भरतात.

आणि गोव्याला जाणार असाल तर विमानतळ कुठला ते बघा. मोपा पार उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. मडगावला उतरायचं असताना स्वस्त म्हणून मोपाचं तिकीट काढलं, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

तिकीट बदलायची वेळ आली तर

खरा फरक इथे पडतो. दोन वर्षांपूर्वी मी एका पोर्टलवरून काढलेलं तिकीट रद्द केलं. विमान कंपनीने तिची रक्कम कापली, त्यावर पोर्टलने स्वतःची ‘सेवा फी’ म्हणून माणशी आणखी 400 कापले आणि उरलेले पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकले. बँकेत मागितले तेव्हा महिनाभर मेलामेली चालली. कंपनीकडे फोन केला तर उत्तर मिळालं, “तुम्ही एजंटकडून घेतलंय, त्यांच्याशी बोला.”

डीजीसीएचा नियम असा आहे: रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळायलाच हवं. पैसे क्रेडिट म्हणून ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं. एजंट किंवा पोर्टलमार्फत घेतलेल्या तिकिटाचा परतावाही शेवटी विमान कंपनीचीच जबाबदारी, कारण ते तिचे नेमलेले प्रतिनिधी. म्हणजे मला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. तेव्हा हे माहीत असतं तर मी एअरसेवा या सरकारच्या तक्रार पोर्टलवर पहिल्याच आठवड्यात तक्रार केली असती.

डीजीसीएच्या नियमांनी आणखी एक सोय दिली: देशांतर्गत विमान सुटायला किमान 7 दिवस असतील, तर तिकीट काढल्यापासून 48 तासांत ते फुकट रद्द करता किंवा बदलता येतं. आधी ही मुभा 24 तासांची होती; ती 48 तासांची करण्याचा मसुदा डीजीसीएने नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला आणि 2026 मध्ये नियम बदलला. कंपनीच्या साइटवर ‘रद्द करा’ दाबून हा हक्क लगेच वापरता येतो. मधे पोर्टल असलं की त्यातले तास चॅटबॉटशी बोलण्यातच जातात.

नावाचंही तसंच. आपल्याकडे आधारवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं आणि फॉर्मवर दोनच रकाने. आईच्या तिकिटावर मी घाईत आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं. थेट कंपनीकडून तिकीट काढलं असेल आणि चूक 24 तासांत कळवली, तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. मी तासाभरात फोन केला, दुरुस्ती झाली.

एजंटकाकांच्या बाजूने बोलायचं तर ते रात्री दहालाही फोन उचलतात, आणि परदेशी प्रवासात दोन कंपन्यांची विमानं जुळवायची असतील तर मी त्यांच्याकडेच जाईन. फक्त त्यांना दोन गोष्टी विचारा. हे तिकीट सिरीज फेअरचं आहे का? कारण एजंटांनी आधीच घाऊक घेऊन ठेवलेल्या त्या तिकिटांत नाव बदलणं किंवा रद्द करणं बहुधा जमत नाही. आणि पीएनआरला नंबर कुणाचा जोडलाय? एजंटचा असेल, तर विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही.

म्हणून मी असं ठरवलं आहे: वेळा आणि भाव पोर्टलवर बघायचे, तिकीट कंपनीच्या साइटवर काढायचं. तारीख पक्की असेल, सामान कमी असेल आणि सूट मिळणारं कार्ड हातात असेल, तरच पोर्टलवर पैसे भरायचे. परदेशी साइटवर डॉलरमध्ये भरत असाल तर कार्डाचं परकीय चलन शुल्क आणि त्यावरचा जीएसटीही हिशोबात धरा. काही कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं.

आई-बाबांचं तिकीट मी शेवटी 10,040 मध्ये कंपनीकडून काढलं, आईची सीट वेगळी. काकांकडे दोनशे रुपये वाचत होते, पण बाबांची तब्येत नाजूक होती आणि तारीख बदलावी लागली असती, तर मला ती घरी बसून बदलता यायला हवी होती.