काडतूस निवडताना: .२२, .३१५ की .३०-०६, नळी कशानं झिजते?

खानापूर भागात पिकाच्या राखणीला .३१५ ची रायफल ठेवणारा शेतकरी आणि बेळगावात .२२ ची घेऊन कागदावर नेम धरणारी कॉलेजची पोरगी (हे आकडे म्हणजे इंचातलं नळीचं माप), दोघांचा प्रश्न एकच असतो: कुठल्या काडतुसानं नळी लवकर जाते? उत्तर मात्र दोघांना वेगवेगळं द्यावं लागतं. तांब्याच्या आवरणाची गोळी नळी खाते आणि शिशाची खात नाही, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

नळीला मोठा मार बसतो तो जळत्या दारूच्या वायूचा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, संपून गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पीळदार खाचा सुरू होतात, त्या जागी हा वायू पोलाद वितळवील इतका तापलेला असतो. क्षणभरच लागतो, पण दर बारला तिथलं पोलाद थोडं थोडं तडकतं आणि वाहून जातं. ब्रिटिशांनी याची किंमत मोजलेली आहे. त्यांची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी बनवली होती. तिच्या खाचा उथळ, गोलसर कडांच्या. तिच्यात कॉर्डाइट, म्हणजे नायट्रोग्लिसरीन घातलेली बिनधुराची दारू, वापरायला लागल्यावर खाचा भराभर पुसल्या गेल्या, म्हणून १८९५ साली खोल, चौकोनी खाचांची ली-एनफिल्ड आली. पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के होतं. पुढे नळ्यांची झीज पाहून ते ३० टक्क्यांवर आणलं गेलं. म्हणजे दारूचा ताप कमी करणं हाच तिथं उपाय ठरला.

हेच सूत्र धरून .२२ आणि .३०-०६ शेजारी ठेवा. .२२ लाँग रायफलमध्ये दारू असते एक-दीड ग्रेन (ग्रेन हे दारू तोलायचं बारीक वजन), .३०-०६ मध्ये पन्नासच्या आसपास. .२२ ची चांगली नळी हजारो-हजारो काडतुसं खाऊनही नेम सोडत नाही. .३०-०६ ची बारीक नेमाची उमेद साधारण तीन ते पाच हजार बारांत उतरायला लागते, आणि लागोपाठ बार काढून नळी तापत ठेवली तर त्याहून आधी. हौसेनं .३०-०६ घ्यायचा विचार असेल तर हलक्या, अतिवेगवान गोळ्यांच्या मागे लागू नका. मध्यम वेगाचं काडतूस घ्या, तीन-चार बार झाले की बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवा, आणि नळीवर हात ठेवून तो सहज टिकतो का पाहूनच पुढचं काडतूस भरा.

.२२ मध्येच दोन जाती समोर येतात: स्टँडर्ड वेगाची, मेण-चरबी लावलेली नुसती शिशाची गोळी, आणि हाय व्हेलॉसिटीची तांब्याचा मुलामा दिलेली. मुलामा इतका पातळ असतो की झिजेच्या हिशेबात दोघींत फरक धरू नये. फरक नेमात आहे. वेगवान गोळी आवाजाच्या वेगापलीकडे सुटते आणि पुढे परत त्याच्या खाली येते. त्या संधीवर ती डळमळते. टार्गेटसाठी स्टँडर्डच घ्या, आणि आपल्या रायफलला मानवलेला एकच लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, जमेल तितका घेऊन ठेवा. .२२ च्या नळ्या गोळीपेक्षा साफसफाईनंच जास्त बिघडतात. तोंडाकडून घुसवलेला लोखंडी गज नळीच्या तोंडाची कड घासतो, आणि गोळी शेवटची जिथून सुटते ती जागा तीच. बोल्ट काढून मागून साफ करा. शिसं चिकटणं ही झीज नव्हे, ते निघतं.

.३१५ चं गणित सगळ्यात निराळं आहे. पिकाच्या राखणीला वर्षाकाठी मोजके बार निघतात, तेही बहुतेक हवेत. रायफलीचं लायसन म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. एवढ्या बारांनी नळी आयुष्यात झिजायची नाही. गोळीचं टोक मऊ असो की पूर्ण आवरणाचं, नळीला आतून लागतं ते आवरणच, तेव्हा त्या निवडीनं नळीचं काही बिघडत नाही. अपवाद पोलादी आवरणावर तांबं चढवलेल्या गोळीचा. ती खाचा खरोखर लवकर घासते, कुणी दिली तरी घेऊ नका.

.३१५ ला मारतो तो गंज, आणि इथं काडतुसाची टोपी, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणारी बुडातली वाटी, फार महत्त्वाची ठरते. जुन्या पद्धतीच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की मागं क्षार उरतो आणि मिठासारखा हवेतलं पाणी ओढून घेतो. अथणीच्या कोरड्या हवेत हे काही दिवस निभेल. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात मात्र एका रात्रीत नळीत तांबूस ठिपके उठतात, आणि खड्डा पडला की तो भरून येत नाही. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून जुना साठा उचलण्यापेक्षा नव्या तारखेची, गंज न आणणाऱ्या टोपीची काडतुसं दोन पैसे जास्त देऊन घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. टोपीबद्दल शंका असेल तर तेलावर भिस्त ठेवू नका, तेलात क्षार विरघळत नाही. ब्रिटिश काळातली .३०३ रायफल वापरलेले जुने फौजी नळीतून उकळतं पाणी ओतायचे ते उगाच नाही. पाणी, मग कोरड्या चिंध्या एकही ओली निघेनाशी होईपर्यंत, आणि शेवटी तेल.

निवडणुकीच्या काळात रायफल ठाण्यात जमा करावी लागते आणि आठवडेच्या आठवडे तिथंच राहते. द्यायच्या आधी नळी अशीच धुऊन, जाड तेलाचा हात देऊन पावती घ्या. परत आणल्यावर पहिला बार काढण्याआधी ते तेल पूर्ण पुसून काढा, नळीत उजेड धरून आरपार बघा, आणि मगच काडतूस भरा.